कोटावर विश्वास की डॉक्टरवर?



"डॉक्टर हुशार असेल हो, पण डॉक्टरसारखा वाटत नाही!" दवाखान्यातून परत येणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपण वस्तीत कितीतरी वेळा ऐकतो. थोडे खोदून विचारले की कळते, डॉक्टर तरुण होता, अंगात साधा टी-शर्ट होता, पायात चपला होत्या. त्याने तपासले नीट, औषधही लिहून दिले. पण ती चिठ्ठी घरी आल्यावर फळीवर पडून राहते आणि दोन दिवसांनी तोच रुग्ण दुसऱ्या, पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरकडे पैसे मोजून जातो.

आम्ही आठवडाभर कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी वस्तीतील रुग्णांबरोबर इस्पितळाच्या रांगेत उभे राहतो. त्या रांगेत आम्हाला एक गोष्ट कळून चुकली आहे. डॉक्टरच्या कपड्याचा प्रश्न वरवरचा वाटतो खरा, पण सांगितलेले औषध पोटात जाते की नाही, उपचार पुरा होतो की अर्धवट सुटतो, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. म्हणून आज या सदरात त्याच विषयावर चार गोष्टी बोलाव्यात असे आम्ही ठरवले आहे.

कपड्यावरून माणसाची पत ठरवण्याची रीत आपल्याला कोणी नव्याने समजावून सांगायला नको. कोणी काय नेसावे, अंगावर कोणता दागिना घालावा, हे आपल्या आज्या-पणज्यांना गाव ठरवून देत असे. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून देण्यास सांगितले. कपडा बोलतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण कपडा बोलतो ते सगळेच खरे असते काय? डॉक्टरच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की डॉक्टरचा पांढरा कोट, ज्याला आपल्याकडे अ‍ॅप्रन म्हणतात, तो काही फार पुरातन नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतील डॉक्टर काळा कोट घालून रुग्ण तपासत आणि त्याच कोटात शस्त्रक्रियाही करीत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील टॉमस एकिन्स या चित्रकाराची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. १८७५ सालच्या चित्रात डॉक्टर सॅम्युएल ग्रॉस काळ्या कोटात मांडीची शस्त्रक्रिया करताना दिसतात आणि त्यांच्या हाताला रक्त लागलेले आहे. १८८९ सालच्या दुसऱ्या चित्रात डॉक्टर अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या कपड्यांत आहेत. चौदा वर्षांत काळ्याचे पांढरे कसे झाले?

याचे कारण विज्ञानात आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जंतूंचा सिद्धांत मांडला. त्या आधारे ब्रिटनमधील शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी जखमा कार्बोलिक अ‍ॅसिडने धुण्याची पद्धत सुरू केली आणि १८६७ साली ती प्रसिद्ध केली. पुढे स्वच्छतेला महत्त्व आले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा कोट डॉक्टरांनी उचलला. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पांढरा रंग. म्हणजे हा कोट मुळात रुग्णाला सांगत होता, 'मी स्वच्छ आहे आणि मी विज्ञानाने चालतो.' हा निरोप मोलाचाच होता.

त्याच फिलाडेल्फियात, त्याच काळात, आपल्या महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. १८८५ सालचे त्यांचे एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत आहेत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली आपल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्याही अंगावर डॉक्टरचा कोट नाही. तरी तिघींनी पदवी मिळवली, आनंदीबाईंनी १८८६ साली. विद्या कपड्यात नसते, याला यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

पण रुग्णाचे मन काय म्हणते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यातील एका दवाखान्यात ४०० जणांना वेगवेगळ्या वेषांतील डॉक्टरांची छायाचित्रे दाखवून मते विचारण्यात आली. २००५ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. शंभरातील ७६ जणांनी नीटनेटके कपडे आणि वर पांढरा कोट यालाच पसंती दिली. शस्त्रक्रियागृहातील सैल सदरा-पायजमा फक्त १० जणांना आवडला, तर साध्या घरगुती कपड्यांना पाच जणांचीही पसंती मिळाली नाही. घरातले, मनातले, शरीराचे नाजूक प्रश्न आम्ही नीटनेटक्या डॉक्टरपुढे अधिक मोकळेपणाने सांगू, असेही लोकांनी सांगितले. पुढे २०१८ साली अमेरिकेतील दहा मोठ्या शिक्षण-इस्पितळांतील ४,०६२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातही निम्म्याहून अधिक लोकांनी डॉक्टरचा पोशाख आपल्याला महत्त्वाचा वाटतो असे म्हटले आणि कोटालाच पहिली पसंती दिली.

तेव्हा आपली आजी किंवा मावशी 'कोट नाही' म्हणून नाक मुरडते, ती अडाणी आहे म्हणून नव्हे. शिकल्या-सवरलेल्या अमेरिकेतही तेच चालते. आजारी माणूस घाबरलेला असतो. समोरच्या अनोळखी माणसाच्या हाती आपला जीव द्यायचा, तर त्याला काहीतरी खूण हवी असते. कोट ही ती खूण.

मात्र हिशेबाची वही शेवटच्या पानापर्यंत वाचावी, ही आम्हा कारकुनांची सवय. २०१५ साली अशा ३० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. १४ देशांतील ११,५३३ रुग्णांची मते त्यात आहेत. बहुतेक अभ्यासांत कपड्याला महत्त्व आहे असेच निघाले. पण त्यात एक बारीक नोंद आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. जेथे छायाचित्र न दाखवता, डॉक्टरने प्रत्यक्ष तपासल्यानंतर रुग्णाला मत विचारले, असे अभ्यास १२ होते. त्यांपैकी फक्त तीन अभ्यासांत कपड्याचा परिणाम दिसून आला. अतिदक्षता विभागात आणि अपघात विभागातही बहुतेकांना कपड्याचे काही वाटले नाही.

याचा अर्थ काय? डॉक्टर तोंड उघडत नाही, तोवर कपडा बोलतो. डॉक्टरने नाव विचारले, जीभ पाहिली, पोटाला हात लावून 'दुखते का?' म्हणून विचारले की कपडा मागे पडतो. मग रुग्ण त्या माणसाकडे पाहू लागतो.

कोटाची दुसरीही बाजू आहे. कोट धीर देतो, तसा धाकही घालतो. आपल्यापैकी कित्येकांचा रक्तदाब दवाखान्यात चढलेला आणि घरी उतरलेला आढळतो. याला डॉक्टर मंडळी 'पांढऱ्या कोटाचा रक्तदाब' असेच म्हणतात. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले की, डॉक्टर रक्तदाब मोजायला खाटेजवळ आला की रुग्णाचा रक्तदाब वर जातो. तेच काम नर्सने केले तर वाढ कमी होते, हेही त्यांनी पुढे १९८७ साली मांडले. म्हणजे हा दोष एकट्या कपड्याचा नाही, साहेबासमोर उभे राहण्याच्या भीतीचाही आहे. ही भीती आपल्या लोकांना अधिक, कारण कचेरी असो की इस्पितळ, टेबलापलीकडच्या माणसाकडून आपण पिढ्यान्पिढ्या दटावणीच ऐकली आहे. तेव्हा रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. जास्त निघाला तर पुन्हा मोजायला सांगावे. मात्र 'हा कोटाचाच रक्तदाब' म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

कपडा माणसाला पार झाकून टाकतो तेव्हा काय होते, हे आपण करोनाच्या दिवसांत अनुभवले. २०२० साली डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखातली माणसे वॉर्डात फिरत. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, सफाईची मावशी कोण, काही कळेना. आधीच नातेवाईक जवळ नाहीत, त्यात समोर चेहराच नाही. अशीच वेळ २०१५ साली आफ्रिकेतील लायबेरिया देशावर इबोलाच्या साथीत आली होती. तेव्हा मेरी बेथ हेफरनन नावाच्या अमेरिकन कलाकार बाई तेथे गेल्या. त्यांनी डॉक्टर-नर्सेसचे हसरे फोटो काढले आणि ते त्यांच्या संरक्षक पोशाखावर छातीपाशी चिकटवण्याची पद्धत सुरू केली. उद्देश एवढाच, की रुग्णाला आत माणूस आहे हे कळावे. करोनाच्या काळात अमेरिकेतील काही इस्पितळांनी हीच पद्धत उचलली. खर्च किती? एका फोटोचा! पण घाबरलेल्या जिवाला केवढा आधार.

आता स्वच्छतेचे बोलू. पांढरा कोट स्वच्छतेसाठी आला. पण तो धुतला नाही तर? १९९१ साली ब्रिटनमधील एका अभ्यासात १०० डॉक्टरांचे कोट तपासले, तेव्हा बाहीच्या टोकांवर आणि खिशांवर जंतू अधिक सापडले. कोटामुळेच रुग्णाला रोग होतो, असे काही सिद्ध झालेले नाही. तरीही खबरदारी म्हणून ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ साली नियम केला की रुग्ण तपासताना कोपराखाली हात उघडे हवेत. लांब बाह्यांचा कोट नको, घड्याळ नको, म्हणजे हात मनगटापर्यंत नीट धुता येतात. त्याच देशात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णांना आधी मत विचारले, मग जंतूंची माहिती दिली आणि पुन्हा मत विचारले. माहिती मिळाल्यावर लोकांचा कल आखूड बाह्यांच्या सदऱ्याकडे आणि शस्त्रक्रियागृहातील साध्या कपड्यांकडे झुकला. बंधू-भगिनींनो, यातून शिकण्यासारखे आहे. माणसाला कारण समजावून सांगितले की त्याचा विश्वास डोळस होतो. हाच धडा घरात मुलांना द्यावा: डॉक्टरचा कोट नुसता पाहू नये, त्याने हात धुतले का, तेही पाहावे.

माता-भगिनींसाठी, आणि त्याहून अधिक घरातील पुरुषांसाठी, आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या वस्त्यांतल्या मुली आता डॉक्टर होत आहेत. आई धुणीभांडी करते, बाप हमाली करतो आणि मुलगी एम.बी.बी.एस. होते, हे केवढे अभिमानाचे! पण त्या मुली आम्हाला सांगतात, की अ‍ॅप्रन घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभे असले तरी रुग्ण विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" आणि शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला 'डॉक्टरसाहेब' म्हणून नमस्कार करतात. हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ४८७ लोकांच्या पाहणीत, तोच पोशाख स्त्रीच्या अंगावर असला तर तिला नर्स किंवा तंत्रज्ञ समजण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा जास्त निघाले. वर सांगितलेल्या २००५ सालच्या पाहणीतही पुरुष डॉक्टरपेक्षा स्त्री डॉक्टरच्या कपड्याकडे लोकांचे लक्ष अधिक होते. नर्सचे काम कमी मोलाचे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण कोट तोच, पदवी तीच आणि विश्वास मात्र कमी, हा न्याय कोठला? माणसाच्या कामाआधी त्याचा जन्म पाहण्याचा जाच आपण सोसला आहे. निदान आपण तरी स्त्री डॉक्टरला त्याच मापाने मोजू नये.

आता मुख्य धोक्याकडे वळू. अ‍ॅप्रन शिवणाऱ्याच्या दुकानात पदवी विचारत नाहीत. पैसे दिले की कोटही मिळतो आणि स्टेथोस्कोपही. इस्पितळात विद्यार्थी कोट घालतात, रक्त तपासणारे तंत्रज्ञही घालतात. आणि वस्तीच्या तोंडाशी खोली भाड्याने घेऊन बसलेला बोगस डॉक्टरही घालतो. त्याचा कोट तर सगळ्यांत पांढरा असतो!

आमच्या माहितीतले एक आजोबा खोकल्यासाठी तीन महिने अशाच एका कोटवाल्याकडे जात होते. प्रत्येक वेळी सुई, अधूनमधून सलाईन. 'साहेब फार चांगले, लगेच सुई देतात,' असे ते सगळ्यांना सांगत. अंगावरचे मांस उतरले तेव्हा मुलाने सरकारी दवाखान्यात नेले आणि थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. नंतर क्षयरोग केंद्राची एक बाई साध्या साडीत, खांद्याला पिशवी लावून घरी आली. आजोबांनी तोंड फिरवले. 'ही काय सांगणार मला?' ती बाई रागावली नाही. ओट्यावर बसली, घरात लहान मुले किती, जेवण जाते का, गोळ्यांनी मळमळते का, सगळे विचारले. सुनेला आणि नातवंडांना तपासणीला घेऊन जायला सांगितले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. महिन्याभराने आजोबाच दारात बसून तिची वाट पाहू लागले. सहा महिन्यांचे औषध त्यांनी पुरे केले आणि ते बरे झाले.

क्षयाचे औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. पण ते मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार फार कठीण होतो. म्हणजे येथे विश्वास हेही एक औषधच आहे. तो ज्या बाईने मिळवला, तिच्या अंगावर कोट नव्हता. आणि ज्याने तीन महिने फुकट घालवले, त्याच्या अंगावर होता.

मग करायचे काय? आमच्या अनुभवातून काही साध्या गोष्टी सांगतो.

डॉक्टरला नाव विचारायला लाजू नये. "साहेब, आपले नाव काय?" किंवा "बाई, आपण डॉक्टर ना?" असे नम्रपणे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावला आहे का, ते पाहावे. डॉक्टरांच्या वर्तनाबाबतचे २००२ सालचे नियम सांगतात की हा क्रमांक दवाखान्यात लावलेला हवा आणि औषधाची चिठ्ठी, दाखला, पावती या सर्वांवर छापलेला हवा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईलवर ते नाव शोधून पाहायला सांगावे. जो चिठ्ठीच देत नाही, कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देतो, त्याच्यापासून दूर राहावे.

दुसरे, दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. मला काय झाले आहे? हे औषध कशासाठी? किती दिवस घ्यायचे? त्रास झाला तर कोणाकडे यायचे? या प्रश्नांची उत्तरे जो सरळ मराठीत देतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग त्याच्या अंगात कोट असो वा नसो.

तिसरे सांगणे डॉक्टर मंडळींना आणि आपल्या समाजातील होणाऱ्या डॉक्टरांना. महाग कपडे नकोत, पण स्वच्छ, नीटनेटके हवेत. गरिबांचा दवाखाना म्हणून कसेही यावे, असे करू नये. गरीब माणूस दवाखान्यात येताना ठेवणीतले लुगडे नेसून, सदऱ्याला इस्त्री करून येतो. तो तुमचा मान राखतो, तुम्हीही त्याचा राखा. छातीवर नावाची पट्टी लावा आणि ती मराठीत मोठ्या अक्षरांत असू द्या. आल्याबरोबर आपले नाव सांगा. म्हाताऱ्या माणसाला 'ए आजी, चल उठ' न म्हणता 'आजी, जरा उठता का?' म्हणा. एवढे केलेत तर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

आणि शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना. घरी दवाखान्याचा विषय निघाला की 'डॉक्टर कसा दिसत होता?' याऐवजी 'डॉक्टरने काय सांगितले?' हे विचारा. त्याने सांगितलेले औषध वेळेवर घेतले जाते ना, चिठ्ठी फळीवर पडून राहिली नाही ना, यावर लक्ष ठेवा. चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद एका पिशवीत जपून ठेवा, पुढच्या वेळी ते कामी येतात. वस्तीत कोणाला दवाखान्यात जायची भीती वाटत असेल, तर रविवारी विहारात वंदनेनंतर तसे मोकळेपणी सांगावे. सोबत जायला कोणी ना कोणी निश्चित निघेल.

जयभीम.